गाळलेला टाका

कारंज्याला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, ते काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते आणि क्रोशाच्या सुईने पर्स विणायचे. या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या की लोक हसतात. खोली बघायला गेले तेव्हा मलाही हसू आलं होतं. ओसरीवर एक धिप्पाड माणूस मांडी घालून बसलेला, अंगात विटलेला खाकी शर्ट, हाताचे पंजे फावड्यासारखे, आणि त्या पंजात काडीएवढी सुई. शेजारी पलंगावर काकू उशांना टेकून बसलेल्या. मी विचारलं, "वरची खोली द्यायची आहे ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "फेरी चालू हाय," म्हणाले.

मी उन्हात उभी. पाच मिनिटांनी त्यांनी सुई खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हां. आता बोल पोरी."

गोल विणताना एक वेढा पुरा झाला की त्याला फेरी म्हणतात, हे मला तिथेच कळलं. काकांनी आयुष्यभर कारंजा-वाशीम, कारंजा-अमरावती अशा फेऱ्याच केल्या होत्या. त्यामुळे विणकामातला हा एक शब्द त्यांना पहिल्या दिवसापासून आपला वाटला असणार. फेरी अर्धवट टाकून ते उठत नसत. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला तरी नाही. निवडणुकीच्या वेळी हात जोडून आलेली मंडळीही ओसरीसमोर ताटकळली होती. "गाडी रस्त्यात सोडून उतरते का कोनी?" एवढंच म्हणायचे.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कंत्राटी लॅब टेक्निशियन होते. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. सकाळी नऊपासून रक्त काढायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, कुणी रिपोर्टसाठी ओरडलं की ऐकून घ्यायचं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कुणाशी बोलायची इच्छा नसायची. पण जिना ओसरीतून वर जायचा, आणि ओसरीवर रोज भांडण चाललेलं असायचं.

भांडण म्हणजे काकू बोलायच्या आणि काका ऐकायचे. काकूंचं उजवं अंग अर्धांगाने गेलं होतं. तोंड किंचित वाकडं, शब्द जड यायचे, पण थांबायचे नाहीत. खांब म्हणजे उभा टाका, तो चुकला की संपलंच.

"खांब सुटला... तिथं. तिथं! दिसत नाही काय?"

"कुठं?"

"डोळे... फुटले काय? उसवा."

काका निमूट दोरा ओढायचे आणि सर्रकन दोन-तीन ओळी उसवून जायच्या. एकच निळा दोरा इतक्यांदा विणला आणि उसवला गेला होता की त्याला मांजराच्या अंगासारखी लव आली होती. कधीतरी एखादी वस्तू पुरी व्हायचीच. ती कुणातरी नातेवाइकाला भेट म्हणून जायची. भाचीच्या लग्नात त्यांनी चष्म्याचं घर दिलं, त्यात दोन चष्मे मावले असते आणि वर एक रुमाल. भाचीला चष्मा नव्हता. जावयाच्या मोबाईलचं कव्हर एवढं घट्ट झालं की फोन आत गेल्यावर बाहेर येईना, आणि तो आत वाजत राहिला. काकूंनी ही गोष्ट मला चार वेळा सांगितली. सांगताना त्यांच्या डाव्या डोळ्यात पाणी यायचं, हसून.

काकांना मापाचं वेड होतं. खिशात दोऱ्याचा तुकडा कायम असायचा. बसस्टँडवर ओळख ना पाळख, समोरच्याला म्हणायचे, "भाऊ, जरा फोन दे." तो बिचकून द्यायचा. काका दोरा लावून लांबी-रुंदी घ्यायचे, दोऱ्याला गाठ मारायचे आणि फोन परत करायचे. "काहून?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "नवीन मॉडेल हाय. पाह्यलं नव्हतं." एकदा मी त्यांच्याबरोबर वाशीमला गेले, काकूंचे कागद घेऊन. गाडीत ते खिडकीशी बसून विणत होते. मध्येच मान न उचलता मोठ्याने म्हणाले, "दुसऱ्यावर घे ना बावा, कायले रडवून राह्यला तिले?" ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला. गाडीतले सगळे हसले. काका हसले नाहीत, ते टाके मोजत होते.

मला वाटायचं, या माणसाच्या हातात कलाच नाही. तीन वर्षं विणतोय, समोर शिकवणारी बसलीय, तरी रोज तीच चूक. पुढेपुढे मला त्यांची कीव यायला लागली होती.

एका रविवारी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून खाकरल्याचा आवाज आला. मला वाटलं, काका लपून बिडी ओढताहेत. डोकावले तर टाकीच्या सावलीत पोत्यावर बसून ते विणत होते. पण हा माणूस मी पाहिलेला नव्हता. सुई दिसतच नव्हती, नुसती लकाकत होती. मांडीवर लाल रंगाचा बटवा, तळहातात मावेल एवढा, एकसारखा, घट्ट, तोंडाशी पानापानांची कड. मला पाहताच त्यांनी तो शर्टाखाली घातला. साठी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा परीक्षेत पकडलेल्या पोरासारखा झाला.

"काका, हे तुम्ही केलं?"

"हळू बोल वं."

मी कपड्यांचा ढीग खाली ठेवून तिथेच बसले. त्यांनी सांगितलं ते असं.

काकू पहिल्यापासून पर्स, बटवे विणायच्या. गल्लीतल्या प्रत्येक लेकीला सासरी जाताना त्यांच्या हातचा एक बटवा. मग ते अर्धांग झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना बोलतं ठेवा, जेवढ्या बोलतील तेवढी जीभ सुटेल. पण काकू बोलेनात. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बघायच्या. चार महिने घरात एक शब्द नाही. काका एकटेच बोलायचे, गाडीतल्या गोष्टी सांगायचे, मग तेही थकले. एके दिवशी बसल्याबसल्या त्यांनी काकूंची अर्धी राहिलेली पर्स उचलली आणि सुई घुसवून पाहिली.

"अन् तुह्यी काकू म्हने, 'उलटं!' साफ. 'उलटं धरलं' म्हने." काका टाकीकडे बघत होते. "मी उठलो अन् नळाखाली तोंड धुतलं."

त्या दिवसापासून ते विणू लागले. आधी खरंच येत नव्हतं. काकू रागवायच्या, राग आला की शब्द यायचे. एकाचे दोन झाले, दोनाचं वाक्य झालं. वर्षाने काकू सलग शिव्या देऊ लागल्या. पण तोवर काकांचा हात बसला होता. एका संध्याकाळी त्यांनी सबंध पट्टी बिनचूक विणून दाखवली. काकूंनी ती पाहिली, मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

"दुसऱ्या दिवशी मी एक टाका गाळला," काका म्हणाले. "तवापासून रोज एक गाळतो. एकच. जास्त गाळला तं तिले समजन."

"आणि हे?"

"हात आयकत नाही ना बाई. खाली बसून चुकायचं म्हनजे लय तरास हाय. बोट आपसूक सरळ जाते, त्याले धरून वाकडं न्या लागते. मान दुखून येते माह्यी. मंग इथं येऊन जरा सरळ चालवतो."

हे सरळ विणलेले बटवे घरात ठेवायची सोय नव्हती, दिसले असते. म्हणून ते बाजारात लोकर विकणाऱ्या चाचांच्या दुकानात द्यायचे. चाचा त्यांचे जुने प्रवासी. त्यांनी काचेच्या पेटीत बटवे मांडले आणि कुणी विचारलं की सांगायचे, एक पर्देवाली बाई बनाती है, सामने नहीं आती. बटवे खपू लागले. कॉलेजातल्या मुली लांब दोरीचे मोबाईलचे पाऊच सांगून जायच्या. एक मुलगी म्हणाली, "ताईंना सांगा, खूप सुंदर हात आहे त्यांचा." चाचांनी हा निरोप काकांना गंभीर चेहऱ्याने दिला.

मी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतर ओसरीतून जिना चढताना माझी पावलं रेंगाळायची. काकू ओरडायच्या, काका उसवायचे, आणि मला त्यांच्या मानेवरची ताणलेली शीर दिसायची. दिवसभर मी थकायचे ते कामाने. हा माणूस संध्याकाळभर मुद्दाम चुकून थकायचा.

बिंग फुटलं ते अगदी साध्या रीतीने. समोरच्या घरातल्या शिक्षिका बाई ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा घेऊन आल्या. मी काकूंच्या साखरेचा रिपोर्ट द्यायला खाली आले होते. बाईंच्या हातात नवा हिरवा बटवा होता, चाचांच्या दुकानातून घेतलेला. काकूंनी डावा हात पुढे केला. बाईंनी कौतुकाने तो दिला.

काकूंनी तो मांडीवर ठेवला. बटवा उभा राहिला. त्यांनी तो आडवा केला, पुन्हा उभा केला. मग दातांनी नाडी सैल करून उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला.

बटव्याचं बूड विणताना शेवटची फेरी टाक्याचा नुसता मागचा धागा धरून विणली तर कडेला नाण्यासारखी धार उभी राहते, आणि मग बटवा लवंडत नाही. काकूंची ही रीत त्यांच्या आईची, कामरगावची. त्यांनी ती मुलीला शिकवली होती, ती आता पुण्यात असते आणि सुई हातात धरत नाही. दुसरं शिकवलं असेल तर एकाच माणसाला.

"हे बूड माह्या मायचं हाय," काकू म्हणाल्या.

काका समोर निळा दोरा घेऊन बसले होते. त्यांचा हात थांबला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्या निळ्या वाकड्या पट्टीकडे पाहिलं, पुन्हा बटव्याकडे पाहिलं. मग बटवा बाईंना परत दिला. "चांगला हाय," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं एक दिवस, दोन दिवस. काकांनी एकाऐवजी तीन टाके गाळले. मग दहा. एक पर्स तर अशी विणली की तिला तोंडच नव्हतं, आणि ती काकूंसमोर धरली. काकू भिंतीकडे बघत होत्या. पाणी हवं असलं की पुन्हा तांब्याकडे बघू लागल्या. काका रोज शेव्ह करायचे, ते बंद झालं. मला जिन्यात गाठून म्हणाले, "तू बोलून पाह्य. तुह्यं आयकते ते."

दर महिन्याला मी काकूंचं रक्त घरीच काढायचे. त्या दिवशी सुई टोचली, दंडाची पट्टी सोडली आणि धीर करून म्हणाले, "काकू, त्यांनी सगळं तुमच्यासाठीच केलं हो."

मी बाटलीवर नाव लिहीत होते.

"मले... येडी समजले," काकू म्हणाल्या. एकेक शब्द सुटा. "तीन वर्सं शिकोलं मी. मले वाटे... पडल्या पडल्या मी बी काही करून राह्यली."

मी इतकी दमलेली होते त्या दिवसांत, की दुसऱ्याच्या दुःखाला द्यायला माझ्याकडे वाक्यच नसायचं. कापूस दाबून धरला आणि बाहेर आले. काका उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

त्यांनी शर्ट बदलला नाही, चपला घातल्या आणि गेले. तासाभराने परतले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. चाचांच्या काचेच्या पेटीत उरलं होतं ते सगळं त्यांनी आणलं होतं. बटवे, चेनवाल्या पर्सा, चष्म्याची दोन घरं, मोबाईलचे पाऊच. पिशवी पलंगावर उपडी केली. लाल, पिवळं, जांभळं असं सगळं काकूंच्या पायांवर पसरलं.

"हे खरे हाय," काका म्हणाले. "याच्यात मुद्दाम काही केलं नाही. मले जेवढं येते तेवढं हाय. तपास."

काकू हलल्या नाहीत.

"तपास म्हनलं ना. का भेव वाटते?"

हा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नव्हता. काकूंनी मान वळवली. डाव्या हाताने एक बटवा उचलला, फिरवला, बाजूला ठेवला. दुसरा. तोही बाजूला. तिसरी चेनची पर्स होती. ती त्यांनी दातांनी उघडली, आत बोट घातलं आणि थांबल्या.

"अस्तर कोनं लावलं?"

"मीच."

"लाज... वाटली नाही? चुन्या पडल्या."

"कुठं पडल्या चुन्या? लोकं पैसे देऊन नेतात!"

"लोकाईले काय समजते? हे चेन पाहा. दोरा ताणून शिवली. चार दिवसांत फाटन."

"एक बी परत आली नाही आजलोक!"

"तोंडावर कोन सांगन?"

काका खरोखर चिडले. चेहरा लाल झाला. गच्चीवर टाकीमागे बसून आपण निर्दोष विणतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत मोडीत निघालं. त्यांनी पर्स हिसकावून घेतली, उजेडात धरली, अस्तर बाहेर काढलं. चुन्या होत्या. ते बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले दिसल्या होत्या काय?"

मी म्हणाले, "नाही."

"तिले काय दिसते," काकू म्हणाल्या. "ते रक्त पाह्यते दिवसभर."

त्या दिवशी अकरा वस्तूंपैकी सात नापास झाल्या. भांडण जेवणापर्यंत चाललं. मी वर आले, पलंगावर पडले आणि खालून येणारे दोघांचे आवाज ऐकत कधी झोपले कळलं नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. काकूंना मधूनच पुन्हा तो राग यायचा आणि एखादा दिवस मुका जायचा. काकांनी निळा दोरा टाकून दिला आणि खरं काम ओसरीवर आणलं. त्यात खऱ्या चुका निघायच्या, कमी, पण निघायच्या, आणि काका आता उलट बोलायचे. काकू अस्तराचं दाखवायला गेल्या आणि दाखवता येईना, तेव्हा म्हणाल्या, "सुई द्या इकडं." डाव्या हातात. काकांनी दोऱ्याचं टोक त्यांच्या उजव्या, निर्जीव बोटांभोवती गुंडाळून दिलं. पहिला आठवडा नुसत्या साखळ्या झाल्या, त्याही वेड्यावाकड्या. काका म्हणायचे, "मस्त! मस्त आलं!" एकदा काकूंनी सुई त्यांच्या अंगावर फेकली. "पुन्हा खोटं बोलता?" काकांनी सुई उचलून परत त्यांच्या हातात दिली. खरं बोलायचं त्यांना जड जात होतं. बायकोच्या हाताला वाकडं म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं.

माझा करार संपला तेव्हा मला वाशीमला एका खाजगी लॅबमध्ये जागा मिळाली. सामान फार नव्हतंच. सकाळी ऑटो दाराशी आला, बॅगा चढवल्या, चावी द्यायला ओसरीवर आले. काकूंच्या मांडीवर जाड पांढऱ्या दोऱ्याचं लहानसं बूड होतं, लाडवाएवढं. पहिलीच फेरी. जीभ दातांत धरून त्यांनी शेवटचा टाका ओढला आणि बूड काकांपुढे धरलं.

काकांनी चष्मा खाली ओढला. टाक्यांवरून नख फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"तेरा झाले," ते म्हणाले. "बारा पायजे व्हते. एक जास्तीचा घेतला तू."

काकू बुडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे वळतील. पण त्यांनी दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने सगळी फेरी सर्रकन उसवली.

"बरोबर," म्हणाल्या. "मले बी वाटलंच व्हतं. कुठून घेऊ आता?"

"सुरुवातीपासून."

काका पलंगाच्या कडेला सरकले आणि दोरा काकूंच्या बोटांभोवती पुन्हा गुंडाळू लागले. मी चावी खिळ्याला अडकवली. दोघांपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. आवाज न करता फाटक लावून घेतलं आणि ऑटोत बसले.